पुनवेचं पाणी

मी पुराव्याचा माणूस. नौपाड्यातल्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवला, आणि उरलेल्या वेळात पेपरांना पत्रं लिहून लोकांच्या समजुतींची सालं काढली. कोणी "असं म्हणतात" म्हणालं की माझं डोकं फिरायचं. कोण म्हणतात? त्यांनी पाहिलं का? मोजलं का? माझी बायको रमाबाई तर मला शेजारच्यांची ख्यालीखुशालीसुद्धा जपून सांगायची, न जाणो मी साक्षीदार मागायचो.

१९८६ साली सगुणा माझ्याकडे आली ती या पत्रांमुळेच. ठाकुर्लीच्या पलीकडे खाडीकाठच्या कोळीवाड्यात तिचं घर. रोज ठाण्याला येऊन मासळी विकायची. तिने आमच्या व्हरांड्यात ओलं गोणपाट सोडलं. आत पाच-सहा बोय मासे होते.

"मास्तर, वास घेऊन बगा."

आम्ही कांदा-लसूणसुद्धा जपून खाणारी माणसं. तरी मी वाकलो. माशांना घासलेटचा वास येत होता.

भानगड अशी होती. एका कारखान्याचा नाला त्यांच्या खाडीत सुटत होता. आता त्याच कारखान्याला दुसरा नाला सोडायचा होता, आणि त्याआधी हरकती ऐकायला सरकारने एक तपास समिती नेमली होती. दुसरा नाला सुटला की सगुणाच्या नवऱ्याचं, दामाजीचं, जाळं कायमचं वळचणीला. त्याला दुसरं काहीच येत नव्हतं.

"वासाने काही सिद्ध होत नाही, सगुणाबाई," मी खुर्चीत टेकून सुरू झालो. "पुरावा म्हणजे सीलबंद बाटलीतलं पाणी. त्यावर तारीख हवी, पंचांच्या सह्या हव्यात. मी लिहितो समितीला. आपल्यासमोर पाणी घेतील."

तिला फार बरं वाटलं. मग दारातून वळून म्हणाली, "पन पानी अष्टमीला घ्यायला सांगा हां. पुनवेला नको. पुनवेला काय गावायचं नाय."

मी हसलो. हसलो म्हणजे अगदी मनापासून हसलो. म्हटलं, "ते पंचांग तुमच्या घरी ठेवा. समितीपुढे तिथी काढलीत तर तुमच्याबरोबर मलाही हाकलून देतील."

"मास्तर, दामाजीला इचारा एकदा."

विचारलं नाही. दामाजी काय सांगणार होता, तेच की. उलट समितीला लिहिलेल्या पत्रात मी एक वाक्य जास्तीचं घातलं आणि त्याचं मला कौतुकही वाटलं: "स्थानिक लोकांच्या तिथीविषयक समजुतींना शास्त्रीय आधार नसल्याने त्या विचारात घेऊ नयेत." समितीने दोन तारखा कळवल्या, एक शनिवार आणि त्यानंतरच्या आठवड्यातला रविवार. शनिवारी माझी सकाळची शाळा. मी रविवार कळवला.

त्या रविवारी पुनव होती. दुपारी बाराच्या सुमाराला खाडी काठोकाठ भरली होती. समितीच्या साहेबाने होडीतून बाटल्या बुडवल्या, लाखेचं सील केलं. पंच म्हणून पहिली सही माझी. साहेब सज्जन होता, त्याने सगळं नियमाप्रमाणे केलं. सगुणा काठावर उभी होती. तिने तिथीचं नाव काढलं नाही म्हणून मी तिला शाबासकी दिल्यासारखी मान हलवली.

अहवाल आला. पाणी मर्यादेत.

मला वाटलं, साहेब कारखान्याच्या बाजूला फिरला असेल. चरफडत मी कोळीवाड्यात गेलो. दामाजी जाळं शिवत होता. तो कमी बोलणारा माणूस. त्याने होडी काढली आणि म्हणाला, "चला, आज अष्टमी हाय."

नाल्याच्या तोंडाशी पाणी हलत नव्हतं. तांबूस साय धरली होती. त्यात बोय उलटे तरंगत होते, चिंबोऱ्या चिखलातून वर येऊन काठावर मरून पडल्या होत्या. माझे डोळे चुरचुरले.

"उधानाला दर्या आत येतो, सगला धुऊन नेतो," दामाजी म्हणाला. "आता भांग. पानी चढत नाय, उतरत नाय. जे सोडलं ते हितंच रहातं."

भांगाची भरती! दर वर्षी नववीच्या वर्गात मी फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काढायचो. पुनव-अवसेला उधाणाची, अष्टमीला भांगाची. परीक्षेत हमखास विचारायचो आणि न येणाऱ्याचे मार्क कापायचो. तेच पुस्तकात होतं तेव्हा शास्त्र, आणि सगुणाच्या तोंडी आलं तेव्हा पंचांग. त्या होडीत मला स्वतःची इतकी लाज वाटली की दामाजीकडे बघवेना.

मी सोबतच्या बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून दिलं आणि तिथलं भरून घेतलं.

सुनावणी कल्याणला झाली. मी उभा राहिलो, भरती-ओहोटी समजावली, बाटली टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी नीट ऐकून घेतलं.

"गुरुजी, हिला सील आहे?"

"नाही."

"पंच?"

"मी आणि हे दामाजी."

"म्हणजे हरकत घेणारेच." ते अडचणीत पडल्यासारखे हसले. "तुम्हीच सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

मी त्यांच्या जागी असतो तर बाटली खिडकीबाहेर फेकली असती. ते मी बोललो नाही. फेरतपासणी मागितली. त्यांनी कागद चाळले. तपासणी एकदाच होणार होती आणि ती हरकतदारांनी निवडलेल्या दिवशी झाली होती. मग त्यांनी माझं पत्र काढलं आणि ते तिथीचं वाक्य सावकाश वाचून दाखवलं. कारखान्याच्या वकिलाला तोंड उघडावंच लागलं नाही.

"मास्तरांनी लिवलंय?" मागच्या बाकावरून सगुणाने दामाजीला हळूच विचारलं. मला ते ऐकू आलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मी वर लिहितो. मंत्र्यांना लिहितो, पेपरात लिहितो." लिहिलंही. अकरा पत्रं लिहिली. दोन छापून आली. बाकीच्यांची पोचसुद्धा नाही.

दुसरा नाला दिवाळीनंतर सुटला. त्यानंतर काही महिन्यांनी सगुणा दामाजीला घेऊन घरी आली. मासळीची पाटी नव्हती. मी मनात शिव्या खायची तयारी केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कारखान्यात वाचमन घेतात," ती म्हणाली. "मास्तरचा दाखला लागतो. मानूस चांगला हाय म्हनून."

मी कागद घेतला. "किती वर्षं ओळखतो म्हणून लिहू?"

"वीस लिवा. तसं लागतं म्हनं."

मी दामाजीला ओळखून पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. मी वीस लिहिलं. सही केली, शाळेचा शिक्का मारला. दामाजीने घडी घालून कागद खिशात ठेवला आणि मला वाकून नमस्कार केला. मला तो नमस्कार सोसवेना, पण थांबवणार तरी कोणत्या तोंडाने?

दाखला कारखान्याने त्याच दिवशी मान्य केला. एका शब्दाने कोणी काही विचारलं नाही.

सगुणा पुढच्या आठवड्यात मुद्दाम सांगायला आली. दामाजीला दुसऱ्या नाल्यावर ड्युटी लागली होती. काम काही अवघड नव्हतं. तोंडाशी उभं राहायचं आणि कोणी बाटली घेऊन आलं तर पाणी भरू द्यायचं नाही.