जैनाबाचं पिंप

जैनाबा निवडून आली तर बकारी कायमचा गावी जाणार होता. हे कामगारांच्या सगळ्या कॅम्पला माहीत होतं, आणि शहाजीला सगळ्यांच्या आधी.

आखातातल्या अल रुवैसच्या बंदरात मासेमारीच्या लाँच दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये शहाजी वेल्डर होता, बकारी रंगारी. एक माण तालुक्यातला, दुसरा आफ्रिकेतल्या गांबियाचा. सहा वर्षं एका खोलीत राहून दोघांची हिंदी सारखीच मोडकी झाली होती. आठ महिन्यांपूर्वी शहाजीची बायको हौसाबाई गेली. नंतर तो कामापुरतंच बोलायचा, आणि तेही बकारीशीच.

बकारीची बायको जैनाबा तिकडे गांबियात कौन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष उभी होती. समोर दोन वेळा निवडून आलेला, पक्षाचा माणूस. जिंकली तर मीटिंगा, फिरणं आलं. मग दोन पोरं आणि आंधळी आई कोण सांभाळणार? बकारीच.

रमजान होता. रोजा सुटला, जेवणं झाली आणि खोलीत गर्दी जमली. बकारीचा भाऊ तिकडच्या शाळेच्या खिडकीतून व्हिडिओ कॉलवर मतमोजणी दाखवत होता.

"अहो काका, हे काय? गोट्या?" परभणीचा ड्रायव्हर रामेश्वर ओरडला.

"गोट्याच," शहाजी म्हणाला. त्याला सगळं पाठ झालं होतं. "प्रत्येक उमेदवाराचं एक पिंप. आपण एक गोटी टाकायची. आत घंटी वाजते. एकदा वाजली म्हणजे एक मत. दोन टाकल्या तर दोनदा वाजणार, लगेच सापडला."

"आणि बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवली तर?"

"म्हणून त्या दिवशी बूथजवळ सायकल बंद."

"लई हुशार लोकं राव! आपल्याकडं पिंपच उचलून नेलं असतं."

सगळे हसले. शहाजीही हसला, आणि रामेश्वर त्याच्याकडे बघतच राहिला.

तीन बूथ मोजून झाले होते. जैनाबा एक्केचाळीस मतांनी मागे होती. शेवटचा बूथ तिच्या गावचा. समोरच्याच्या पिंपातून तिथे एकशे अडतीस गोट्या निघाल्या.

शहाजीने भिंतीवर खडूने बेरीज केली. "एकशे ऐंशी पाहिजेत. मोजायची ती फळी दोनशे भोकांची आहे. एका भोकात एक गोटी, एका ओळीत दहा. अठरा ओळी भरल्या की जिंकली!"

जैनाबाचं नारिंगी पिंप आलं. अधिकारी गोट्या फळीवर थोड्या थोड्या ओतत हाताने सारख्या करू लागला. गोट्या खडखड करत भोकांत बसू लागल्या.

"नऊ... दहा... अकरा ओळी!" रामेश्वर पलंगावर चढला. "यल्ला, यल्ला! चला, चला!"

बकारीने डोळे मिटले होते. चौदा ओळी. पंधरा. सोळा. पिंप हलकं झालेलं दिसत होतं. सतराव्या ओळीला गोट्या एकेक करून येऊ लागल्या. क्षणभर शहाजीच्या मनात आलं, संपू दे इथंच. बकारी राहील. रात्री कुणीतरी समोरच्या पलंगावर घोरत असेल.

त्याची त्यालाच लाज वाटली.

"अरे, पिंप उलटं कर की! तळाशी अडकल्या असतील!" तो मराठीतच फोनवर ओरडला. तिकडे कुणाला काय कळणार? पण अधिकाऱ्याने पिंप उलटं केलंच, बुडावर थापटलं. खडखडखड. सतरावी भरली. अठरावी भरली. एकोणिसाव्या ओळीत चार.

"पाच मतांनी!" शहाजीने बकारीला कमरेला धरून उचललं. "पाच मतांनी आली रे बाबा!"

खोलीत नुसता दंगा. फोनमधून बायकांचं गाणं सुरू झालं. बकारी रडला, हसला, आणि मग पलंगावर बसून हळूच म्हणाला, "शहाजीभाई, सहा महिने थांबतो. थोडा पैसा जमू दे. मग जातो."

शहाजीचा आवाज चढला. "मी पण सहा महिनेच म्हणालो होतो! हौसा ग्रामपंचायतीत निवडून आली तेव्हा. पाच वर्षं तिनं पंचायत केली, पाण्याची लाईन आणली, आणि मी तिला त्या खुर्चीत बसलेली फक्त फोटोत बघितली. दोनदा रजेवर गेलो, तर दोन्ही वेळा मीटिंग नव्हती. आता कुणाला बघू?"

फोनमधलं गाणं तेवढं चालू राहिलं.

शहाजीने बकारीचा दंड धरला आणि त्याला ओढतच फोरमनच्या खोलीकडे नेलं. रामेश्वर आणि बाकीचे मागोमाग. फोरमन खलील दारात आला.

"याची बायको निवडून आली," शहाजी धापा टाकत म्हणाला. "याला घरी जायचंय. ईदच्या आत. कागद करा."

"मुबारक," खलील हसला. मग त्याने शहाजीकडे पाहिलं. "आणि मोठ्या लाँचचा रंग?"

"मी लावतो," शहाजी म्हणाला. "वेल्डिंग झालं की रंगही मीच लावतो. तुम्ही कागद करा."