करड्याचा बांध

"वयनी, तुझ्या कुतऱ्याला रातच्याला माझीच कोंडी बरी सापडते गं?"

पंढरी बांधावर उभा राहून ओरडत होता. कोलशेतच्या आगरावर त्याचा आवाज पार उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराच्या, दगडांपर्यंत पोचत होता. त्याची थोरली भावजय सखुबाई चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन तशीच थांबली. पाटी खाली ठेवली असती तर बोलणं लांबलं असतं. तिनं नुसतं कोंडीकडे बघितलं.

मिठाचा हा चौकोनी वाफा काल चौघांनी दिवसभर तुडवला होता. एका ओळीत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, टाचा आपटत पुढे जायचं आणि तसंच मागे यायचं. चिखलाचा तळ ताटासारखा सपाट आणि घट्ट झाला, की मगच त्यात खारं पाणी घ्यायचं. कुठे खड्डा राहिला तर तिथे गढूळ साचतं, मीठ काळं निघतं आणि मीठखात्याचा शिपाई ते फेकून द्यायला लावतो. आज त्या ताटाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुत्र्याची पावलं उमटली होती. पुढच्या पंज्यांचे खोल खड्डे, आणि मागचे पाय फरफटल्याचे दोन लांब ओरखडे.

"तिसऱ्यांदा झायला," पंढरी म्हणाला. "आता परत तुडवू? माझं पाय काय मेनाचं हायत?"

"मेनाचं असतील तं उनात उभा राहू नको. मी तुडवून देते."

"देशील. आन रातच्याला तो परत येल. तुझ्या कोंड्या सोडून माझ्यातच येल. ऐक, रघु उद्या ओहोटीला होडी घेऊन कळव्याला चाललाय. वाटेत त्याला पलीकडं उतरवील. कोनाला पाप नाय, कोनाला ताप नाय."

कोलशेतात कुत्र्याला कोणी मारत नसे. म्हातारं झालेलं, खरजेनं सडलेलं, चावरं कुत्रं होडीत घालून खाडीच्या पलीकडच्या काठाला उतरवत. परतताना होडीवाल्यानं मागे बघायचं नाही आणि घरात शिरण्याआधी पाय धुवायचे, एवढाच नियम. पलीकडे जिथे उतरवत तिथे वस्ती नव्हती. मांडीभर चिखल, तिवरांची झाडी, आणि भरतीला तीही पाण्याखाली. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच त्याबद्दल कोणी बोलत नसे.

"माझा कुतरा कुठं जायचा नाय," सखुबाई म्हणाली.

"तुझा कुठला? भावाचा माझ्या."

"भाऊ जेला. जाताना कुतरा माझ्या गल्यात बांधून जेला. म्हनून माझा."

ती घरी आली तेव्हा करड्या जात्यामागच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभा होता. आत शिरायला जमायचं, मागे सरायचं कसं ते तो विसरला होता. तिनं त्याला कमरेला धरून ओढून काढलं. तो तिच्यावर गुरगुरला. मग तिचा हात हुंगला, आणि ओळख पटल्यासारखा नाही, तर दमल्यासारखा खाली बसला.

गेल्या पावसाळ्यापासून हे सुरू होतं. दार उघडलं की तो बिजागरीच्या बाजूला जाऊन उभा राही आणि तिथून वाट मिळण्याची वाट बघत बसे. भाकरी खाल्ली की लगेच थाळीपाशी येऊन पुन्हा मागायचा. डोळे दुधाळले होते, पण अगदीच दिसत नव्हतं असं नाही. माशी बसली तर मान वळवायचा. दिवसभर तो मेल्यासारखा झोपे आणि दिवेलागण झाली की उठे. मग घरभर फेऱ्या, नखांची टकटक, चुलीपाशी मुतणं. बांधून ठेवला तर तो खांबाभोवती फिरत राही, दोर आखडत जाई आणि गळ्याला फास बसे. दार लावून कोंडला तर असा रडे की वाडीतली पोरं उठून बसत. अशा वेळी सखुबाई त्याला नाही नाही ते बोले. एकदा तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या अंगावर फेकला होता. नंतर तोच तांब्या भरून त्याच्या तोंडापुढे धरला होता.

"बाय, काल परत रडला गं तो," जाऊ, लक्ष्मी, दारातूनच म्हणाली. "कुतरा रडतो ते घर..."

"या घरातला मरायचा तो दोन वर्सांमागं मेला. आता रडत असला तं फुकट रडतो."

"मी आपलं तुझ्या भल्यासाठी सांगतं."

"माझं भलं करनारी मानसं लय झाली. तू तरी जरा रजा घे."

लक्ष्मी पदर झटकून निघून गेली. सखुबाईनं करड्याच्या अंगावर गोणपाट टाकलं आणि आगरावर परत आली. पंढरीची कोंडी तुडवून द्यायची होती. बोलून बसली होती.

टाचेनं एकेक पाऊल बुजवत ती पुढे सरकत होती आणि प्रत्येक टाचेला एकेकाला शिव्या देत होती. पंढरीला, लक्ष्मीला, कुत्र्याला, आणि सगळ्यांत जास्त नवऱ्याला, जो पिल्लू धोतरात गुंडाळून घरी घेऊन आला होता आणि स्वतः मात्र सुटला होता. अर्धी कोंडी झाल्यावर तिनं कंबर सरळ केली, मागे बघितलं, मग पुढे बघितलं.

पावलांची रांग सरळ होती.

घरात चार पावलं सरळ न टाकता येणारा, भिंतीला धडकणारा कुत्रा इथे दोरी ताणल्यासारखा चालत गेला होता. ती कोंडीच्या कडेला गेली आणि एक डोळा मिटून रांगेवरून बघू लागली. एका बाजूला रांग उघाडीच्या मोठ्या दगडाला लागत होती. दुसऱ्या बाजूला भेंडीच्या झाडाच्या तुटक्या बुंध्याला. बुंध्यापाशी पावलांचं एक वाटोळं होतं, दाट, पुन्हा पुन्हा तुडवलेलं.

बुंध्यापाशी तिचा नवरा चिलीम ओढायला थांबे. उघाडीपासून बुंध्यापर्यंत रोज रात्री त्याची फेरी असे. पाणी कुठे पाझरतंय का, खेकड्यांनी बांध पोखरलाय का, ते बघायचं. पुढे तो, मागे करड्या. तो चिलीम ओढेपर्यंत करड्या त्याच्याभोवती घिरट्या घाली. मग दोघे परत. पण ही फेरी बांधावरून होती. दोन भावांच्या वाटण्यांमधल्या बांधावरून.

तो बांध आता पावलांच्या रांगेत नव्हता. तो तिच्या बाजूला होता, चांगला आत.

नवरा गेला त्या साली उधाणात मधला बांध वाहून गेला होता. सखुबाई सुतकात होती. पंढरीनं स्वतः माणसं लावून नवा बांध घातला. "जरासा सरकवलाय, खालची माती पोकल होती," असं तो म्हणाला होता. तेव्हा तिनं मान हलवली होती. नंतरच्या दोन हंगामांत तिचं मीठ कमी निघालं. पंढरी म्हणाला, बाईच्या हातानं कमीच निघनार. आणि तिनं ते खरं मानलं होतं. दोन वर्षं ती स्वतःचेच हात उलटसुलट करून बघत होती.

राग अंगात चढला तरी तिनं घाई केली नाही. पाण्याची खोली बघायचा बांबू आणला. रांगेच्या एका हाताला रोवला. तो गुडघाभर आत गेला. दुसऱ्या हाताला रोवला, तितकाच गेला. मग करड्याच्या पावलात रोवला. वीतभर गेला आणि टणक लागला. तिनं पुढे जाऊन तसंच केलं, बुंध्याजवळ केलं, उघाडीजवळ केलं. दर खेपेला तेच. पिढ्यान्‌पिढ्या ठोकून घातलेल्या बांधाचा पाया वरच्या चिखलाखाली तसाच पडला होता, आणि जो घरातलं दार विसरला होता त्या कुत्र्याला तो पायाखाली कळत होता.

ती थेट काळुरामकडे गेली. आगरातल्या बांधांचे आणि पाण्याच्या पाळ्यांचे तंटे हा म्हातारा तोडत असे. त्याला घेऊन ती आगरावर आली तेव्हा मागून निम्मी वाडी आली होती.

पंढरीनं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "आता कुतऱ्याची साक्ष घ्यायची, बाबा? त्याला तुलस उचलायला लावा."

"घेऊन या त्या कुतऱ्याला," काळुराम म्हणाला. "चालू दे. बगू तरी."

कोणीतरी करड्याला उचलून आणलं. भर दुपार होती. त्याला पावलांच्या रांगेच्या टोकाला ठेवला तर तो उन्हात डोळे मिचकावत उभा राहिला, थोडा डाव्या बाजूला कलला, मग रिकाम्या पाट्यांच्या ढिगात डोकं खुपसून तसाच थांबला. लोक हसले. एक जण म्हणाला, "साक्षीदार फुटला रं." पुन्हा हसले. लक्ष्मीनं तोंडाला पदर लावला.

सखुबाईनं पाट्या लाथेनं बाजूला उडवल्या आणि करड्याचं डोकं मोकळं केलं.

"हसा. तुमच्यातला कोन म्हातारपनी कुठं डोका घालतोय ते मी बगीन," ती म्हणाली. "कुतऱ्याला काय इचारता? त्याला आज काय खाल्लं ते ठावं नाय. चिखलाला इचारा." तिनं बांबू काळुरामपुढे धरला.

काळुरामनं बांबू घेतला नाही. धोतर वर खोचून तो कोंडीत उतरला आणि टाच दाबत आडवा चालू लागला. रांगेपाशी आला तेव्हा त्याची टाच थांबली. तो एक पाऊल मागे गेला, परत आला. मग त्या रेषेवरून थोडं पुढे चालून बघितलं. पंढरी उघाडीकडे बघत होता.

"बांध हितं होता," काळुराम म्हणाला. "पंढरी, जरासा म्हंजे किती रं तुझ्याकडं?"

पंढरी सखुबाईकडे वळून म्हणाला, "घे तुझी जागा, वयनी. हंगामानंतर बांध सरकवतो. पन कुतरा उद्या होडीत जायला पायजे. रातच्याला तो वाडीला झोपू देत नाय, कोंड्या नासवतो. हे तरी खरं का नाय, इचार सगल्यांना."

लोकांनी माना हलवल्या. त्यांना हे बरोबर वाटलं. तिला जागा मिळत होती, वाडीला झोप मिळत होती, आणि जाणार होता तो एक मरायला टेकलेला कुत्रा. काळुरामलाही ते पटलं असावं. तो म्हणाला, "बाय, वाईट नाय सांगत तो. आज नाय तं उद्या..."

"माझीच जागा मना देतो, आन वर त्याची किंमत मागतो?" सखुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मागच्या लोकांना पुढे सरकावं लागलं. "बाबा, तो कोंड्या नासवतो म्हनून घालवायचा, बरोबर?"

"हां."

"तो एकाच रेषेवरून चालतो. ती रेष बांधाची. बांध जिथला तिथं असता तं तो बांधावरून जेला असता, बांधावरून आयला असता. कोनाच्या कोंडीत एक नख उमटलं नसतं. कोंडी कुतऱ्यानं नाय नासवली. बांध चोरला त्यानं नासवली." ती पंढरीकडे वळली. "तू मिसरूड फुटायच्या आधीपासून माझ्या हातचं खाल्लंस. मना ठावं हाय तू कवा खोटं बोलतोस. त्याची पावलं पहिल्यांदा बगितलीस तवाच तुला कललं होतं. म्हनून होडीची घाई."

पंढरीचा चेहरा काळवंडला. "आता भर हंगामात बांध कोन घालनार?" तो एवढंच म्हणाला.

"मी घालते."

"आन रात्रीचं रडनं?" लक्ष्मीनं विचारलं.

"कोंडला की रडतो. सोडला की चालतो. दार आता उघडं राहील. चोरायला काय ठेवलंय तुमी?"

यावर काळुरामला हसू आलं, पण त्यानं ते खोकल्यात घातलं. तो चिखलातून वर आला, पाय झटकले आणि म्हणाला, "बांध जुन्या पायावर येल. कुतरा राहील. बांध होईतो त्यानं नुकसान केलं तं ते पंढरीचं." आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तेव्हा सखुबाई एकटीच जुन्या पायावर चिखलाच्या पाट्या टाकत होती. रघु होडी उघाडीपाशी लावून बराच वेळ घुटमळला. तो गरीब स्वभावाचा माणूस होता. त्याला कालचं कोणी सांगितलं नव्हतं.

"काकी, पंढरीनं कुतरा न्यायला बोलावलंय. कुठं हाय?"

"झोपलाय."

"मग? मी तसाच जाऊ?"

सखुबाईनं कंबरेवर हात ठेवून होडीकडे बघितलं. होडी रिकामी होती, रुंद होती, आणि ओहोटीनं खाडीच्या काठाची निळसर चिकणमाती उघडी पडली होती. बांधाला त्याहून चांगली माती नसते.

"होडी आनलीच हाय तं चिखल भर," ती म्हणाली.

"मी कळव्याला चाललोय, काकी."

"दोन कुतरी पलीकडं सोडून आयलास ना तू? मागं न बगता? आता जरा पुढं बगून काम कर. भर."

रघुनं एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या हातातल्या फावड्याकडे बघितलं आणि धोतर खोचलं. दुसरी खेप उतरवताना पंढरी आला. तो कोणाशी बोलला नाही. त्यानं स्वतः सरकवलेल्या बांधाच्या टोकाला पहिली कुदळ मारली आणि माती पाटीत भरू लागला. सखुबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिचा राग अजून तितकाच होता, पण बांधाला माती लागत होती.

दिवेलागणीला करड्या आला. घरापासून आगरापर्यंत तो भेलकांडत, कुंपणाला घासत आला, पण उघाडीच्या दगडापाशी पोचताच त्याची मान खाली गेली आणि पाय सरळ पडू लागले. ओल्या बांधावर तो चढला. रघु बाजूला झाला. करड्या त्याच्या जवळून गेला, पंढरीजवळून गेला, कोणालाच ओळखलं नाही. बांध संपला तिथे तो थबकला. पुढचा पंजा खाली टाकला, काढून घेतला, पुन्हा टाकला. मग समोर उभ्या असलेल्या सखुबाईवर भुंकला, अनोळखी माणसावर भुंकावं तसा.

"भुंक," ती म्हणाली. "आजून भुंक. हाडं मोडली माझी तुझ्यापायी." तिनं भरलेली पाटी त्याच्या पंज्यापुढे उलटी केली, टाचेनं दाबली आणि बाजूला झाली.

करड्यानं एक पाऊल पुढे टाकलं. ती रागानं दुसरी पाटी आणायला वळली.