नव्वदच्या वरची तीन बोटं

मी एक जुनी गन आहे. दचकू नका, मित्रांनो! माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. माझं काम वेग मोजायचं. चेंडूवर रोखून चाप ओढला, की तो ताशी किती मैल धावतोय ते माझ्या पाठीवरच्या काचेत लाल आकड्यांत उमटतं. बस, एवढंच. तरीही माझ्यापायी एका माणसाचा हात कायमचा गेला. चाप ओढणारा त्याचा जिवलग मित्र होता, आणि मी अगदी खरं तेच दाखवत होते. हे कसं झालं ते सांगून टाकते, कारण सांगणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या माझ्या बहिणी पोलिसांकडे गेल्या. हमरस्त्याच्या कडेला झुडपात बसून गाड्या पकडणं त्यांच्या नशिबी आलं. मी ब्रॅन्सफर्डला आले. नदीकाठचं गाव, बंद पडलेल्या दोन कापडगिरण्या आणि बेसबॉलचा एक संघ. संघाचं नाव बगळे. छोट्या लीगमधला संघ, म्हणजे इथली पोरं खेळायची इथं आणि डोळे लावून बसायची मोठ्या लीगकडे. तिथल्या ज्या मोठ्या संघासाठी आमच्याकडे पोरं तयार व्हायची, त्याचं नाव कोणी घेत नसे. नुसतं ‘वर’ म्हणत. अमक्याला वर बोलावलं, तमका वरून परत आला. बहुतेकांना कधीच बोलावणं येत नाही, पण ते त्यांच्या तोंडावर कोण सांगणार?

माझ्या डब्यात एक नादकाटाही होता, म्हणजे आपटला की ठरावीक वेगानं थरथरणारा, माझी परीक्षा घ्यायचा दोन पायांचा पोलादी काटा. खेळ सुरू व्हायच्या आधी तो गुडघ्यावर आपटायचा आणि माझ्यासमोर धरायचा. मी बरोबर पासष्ट दाखवायची. चौसष्ट नाही, सहासष्ट नाही. मला त्याचा गर्व होता, कशाला नाकारू? बारा वर्षांत कितीतरी खेळाडू येऊन गेले, बाकं बदलली, गवत बदललं, पण माझं पासष्ट कधी चुकलं नाही. आमचा कोच हॉलिस मॅकवे नव्या पोरांना म्हणायचा, “या बाईवर विश्वास ठेवा. माझे डोळे म्हातारे झालेत, हिचे नाहीत.”

बगळ्यांमध्ये एक रीत होती. उद्या ज्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, पाळी असेल, त्यानं आज साध्या कपड्यांत जाळीमागं प्रेक्षकांत बसायचं, मला हातात धरायचं आणि आजच्या पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू तक्त्यावर लिहायचा. ल्यूथर प्रूइटच्या दुसऱ्या दिवशी एलिगिओ पाउलिनोची पाळी यायची. म्हणून ल्यूथर टाकायचा तेव्हा मी नेहमी एलिगिओच्या हातात असे.

ल्यूथर एकोणतीस वर्षांचा, उंच आणि सावकाश बोलणारा. उन्हाळाभर बेसबॉल, हिवाळ्यात लोकांच्या घरांची छपरं ठोकायची. अशी सात वर्षं गेली होती. दूर आपल्या गावी असलेल्या बायकोला, वेर्नाला, त्यानं शब्द दिला होता की यंदा शेवटचं, यंदा बोलावलं नाही तर संपलं. एलिगिओ तेवीसचा, डोमिनिकन देशातल्या बानी गावचा. आला तेव्हा त्याला हॉटेलात दोनच शब्द म्हणता यायचे, हॅम आणि एग्ज. तीन महिने बिचाऱ्यानं दोन्ही वेळा तेच खाल्लं. शेवटी ल्यूथरनं त्याच्यासमोर खाण्याची यादी आपटली.

“लेका, आणखी आठ दिवस हेच खाल्लंस तर अंडं घालशील. वाच इथं. पॅन-केक. म्हण.”

“पान-के-के,” एलिगिओ म्हणाला.

“झालं! आज पानकेके खा. उद्या पुढची ओळ.”

असं करत करत ती अख्खी यादी संपली. मग दोघांनी मिळून एक खोली घेतली. रविवारी एलिगिओ भात, घेवडा आणि तळलेली कच्ची केळी करायचा, आणि ल्यूथर बोटं चाटत म्हणायचा की वेर्नाला हे कळलं तर ती घरात घेणार नाही.

मैदानावर दोघांची एक खूण होती. डाव संपवून परत जाताना ल्यूथर जाळीकडे मान वळवायचा. एलिगिओ बोटं वर करायचा. नव्वद धरूनच चालायचं, बोटं फक्त नव्वदच्या वरची. दोन बोटं म्हणजे ब्याण्णव, तीन म्हणजे त्र्याण्णव. ल्यूथरची बहुधा तीनच असायची. आणि नव्वदच्या खाली गेलं तर? तर मूठ. पण मूठ कधी दाखवावीच लागली नव्हती.

जुलैच्या सुरुवातीला हॉलिसनं दोघांना बाकावर बसवलं. मी शेजारीच डब्यात होते.

“वरून फोन होता,” तो म्हणाला. “एक सप्टेंबरला त्यांना एक पिचर हवाय. तुमच्या दोघांतला एक. यापुढं तुमचे तक्ते दर आठवड्याला तिकडे जाणार. आता एकमेकांची मुंडकी मोडू नका म्हणजे झालं.”

ल्यूथर हसला आणि एलिगिओच्या टोपीवर टपली मारली. टपली त्यानं डाव्या हातानं मारली. माझ्या लक्षात आलं ते, कारण ल्यूथर उजव्या हाताचा होता. दुसऱ्या दिवशी कॉफीचा पेलाही डाव्या हातात दिसला.

“उजवा काय झोपलाय का?” एलिगिओनं विचारलं.

“अरे, झोपेत कुशीखाली दाबला गेला. मुंग्या आल्यात जरा.”

मुंग्या कसल्या आल्या होत्या! त्याच आठवड्यात ल्यूथर टाकायला उभा राहिला आणि माझ्या काचेत एकोणनव्वद उमटलं. मग अठ्ठ्याऐंशी. पुन्हा एकोणनव्वद. एलिगिओनं मला खाली घेतलं, काच शर्टाच्या टोकानं पुसली आणि पुन्हा रोखलं. अठ्ठ्याऐंशी. पुसून आकडा वाढत नसतो, मित्रांनो.

डाव संपला. ल्यूथरनं मान वळवली. मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. घाम होता, पण त्याहून जास्त भीती होती. त्याला विचारायचं होतं की हे कोपरातलं दुखणं खरं आहे का. एलिगिओची मूठ मांडीवर वळलेली होती. फक्त ती वर उचलायची होती. पण ती वर येईना, आणि का, ते मला कळत होतं. मूठ दाखवली, तक्त्यावर अठ्ठ्याऐंशी लिहिलं, की ल्यूथर मागं पडणार आणि पुढं कोण जाणार? हाच. ज्यानं जेवायला शिकवलं, त्याची जागा त्याच्याच घामावर आकडे लिहून घ्यायची? छे, ते त्याच्यानं होईना.

त्यानं हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

ल्यूथरच्या खांद्यांवरचं सगळं ओझं उतरलं. तो चक्क शीळ घालत निघून गेला. एलिगिओनं तक्त्यावर त्र्याण्णव लिहिलं, आणि मला त्या माणसाची प्रथमच भीती वाटली. वाईट माणसाची नसते वाटत इतकी.

एकदा लिहिलं की मागं कसं फिरायचं? पुढच्या वेळी सत्त्याऐंशी, तक्त्यावर ब्याण्णव. त्याच्या पुढच्या वेळी शहाऐंशी, तक्त्यावर पुन्हा त्र्याण्णव. ल्यूथर आता चमचाही डाव्या हातानं धरायचा, शर्टाची वरची दोन बटणं एलिगिओ लावून द्यायचा, आणि बटणं लावता लावता दोघंही भलतंच काहीतरी बोलत राहायचे. मैदानावर मात्र ल्यूथर आणखी जोर लावायचा. दुखतं खरं, पण वेग तर आहे ना, मग दुखणं मनातलं असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. मी रोज सत्य दाखवत होते आणि ते वाचणारा एकटाच होता.

हॉलिसला संशय आला नाही असं नाही. म्हाताऱ्याच्या स्वतःच्या कोपरावर शस्त्रक्रियेची जुनी शिवण होती. एका दुपारी तो जाळीमागं आला आणि एलिगिओच्या शेजारी टेकला.

“डोळ्यांना नव्वद दिसत नाही मला. ही बाई आजारी पडलीय का?”

एलिगिओ तक्त्यात डोकं घालून बसला. हॉलिसनं डब्यातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि माझ्यासमोर धरला. मित्रांनो, त्या क्षणी मी जन्मात प्रथमच चुकायची इच्छा केली. चौसष्ट दाखवावं, साठ दाखवावं, काहीही चुकीचं दाखवावं! पण माझ्या हातात काय होतं? पासष्ट उमटलं. अगदी ठणठणीत.

“हं,” हॉलिस म्हणाला. “मग माझेच डोळे गेले.”

तक्त्यावर नजर टाकून तो उठून गेला. त्या दिवशी त्यानं ल्यूथरला दोन डाव जास्त टाकायला लावले. माझ्या खरेपणानं त्या खोट्याची साक्ष दिली होती.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी ल्यूथरला बोलावणं आलं. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत आरडाओरडा झाला, कोणी त्याच्या डोक्यावर बर्फाचं पाणी ओतलं, वेर्नाला फोन लावताना तो लहान पोरासारखा रडला. मग बॅग घेऊन तो एलिगिओपाशी आला. मी एलिगिओच्या गळ्यात लटकत होते.

“भावा, तुला एक सांगायचंय,” ल्यूथर हळूच म्हणाला. “जुलैमध्ये मी हॉलिसला सगळं सांगणार होतो. कोपराचं. डॉक्टरला दाखवा म्हणणार होतो. तो डाव संपला की सांगायचं, असं ठरलंच होतं माझं. आणि तू तीन बोटं दाखवलीस. म्हटलं, गन काय खोटं बोलणार आहे? वाचवलंस लेका मला.”

एलिगिओनं तोंड उघडलं. मी त्याच्या छातीवर होते, आतले ठोके मला जाणवत होते. बोल रे, बोल, अजून गाडी सुटलेली नाही! पण बाहेरून भोंगा वाजला, ल्यूथरनं त्याला मिठी मारली, आणि त्या मिठीत मी दोघांच्या मधे चेपले गेले. गाडी गेली.

रविवारी दुपारी सगळे बगळे टीव्हीपुढं जमले. मी टेबलावर होते. सातव्या डावात ल्यूथर मैदानात आला. वरच्या मैदानात वेग कोणा एकाच्या हातात नसतो. तिथं तो दिव्यांच्या फलकावर हजारो माणसांना दिसतो.

शहाऐंशी.

“मुद्दाम हळू टाकतोय बेटा, फसवायला,” कोणीतरी हसलं.

पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मग कोणी हसलं नाही. हॉलिसनं टीव्हीवरची नजर काढली आणि एलिगिओकडे वळवली. तेवढ्यात पाचवा चेंडू सुटला आणि कुणीकडच्या कुणीकडे गेला. ल्यूथर गुडघ्यांवर बसला होता. डाव्या हातानं त्यानं उजवं कोपर पोटाशी धरलं होतं, आणि त्याच्या ओरडण्याचा आवाज टीव्हीत येत नव्हता. नुसतं उघडं तोंड दिसत होतं.

हॉलिसनं टीव्ही बंद केला. “पोरा,” तो एलिगिओला म्हणाला, “ही गन चांगली आहे. मी स्वतः तपासली होती.” एवढं बोलून त्यानं मला डब्यात ठेवलं. झाकण लावायचं मात्र विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलिसच्या टेबलावर तशीच उघडी होते. एलिगिओला तिथं बोलावून घेतलं. ल्यूथरच्या जागी आता त्यालाच वर जायचं होतं, दुपारचं विमान होतं. हॉलिस हे सांगून बाहेर गेला, आणि लगेच टेबलावरचा फोन वाजला. ल्यूथर इस्पितळातून बोलत होता. फोन जुना, आवाज बाहेर यायचा.

“कळलं मला. अभिनंदन रे. दुसऱ्या कोणाला नेलं असतं तर जीव जळला असता माझा.”

“ल्यूथर,” एलिगिओ म्हणाला, “ते त्र्याण्णव नव्हतं.”

पलीकडे कोणाच्या तरी चाकाच्या खुर्चीचा खडखडाट ऐकू आला.

“किती होतं?”

“एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. शेवटी शहाऐंशी.”

“म्हणजे मूठ होती.”

“मला वाटलं, मी खरं लिहिलं तर सगळे म्हणतील, यानं मित्राची जागा घेतली.”

ल्यूथरनं विचारलं,

“मग आता कोण घेतंय?”

फोन ठेवल्याचा आवाज आला. एलिगिओ तो कानाशी धरून उभाच राहिला. मग त्यानं टोपी घातली आणि विमान गाठायला गेला. तो वर तीन वर्षं टिकला म्हणतात. ल्यूथर परत छपरांकडे वळला, पण उजव्या हातानं त्याला खिळा ठोकता येईना, तेही सुटलं. पुढं माझ्याहून हुशार यंत्रं आली आणि मला भंगाराबरोबर विकून टाकलं.

आता मी जत्रेत असते. तीन चेंडू टाका, वेग बघा, असा खेळ आहे. माझा आत्ताचा मालक मनानं चांगला आहे, म्हणून प्रत्येक पोराच्या आकड्यात दहा-पंधरा घालून सांगतो. पोरं खूश होतात आणि पुढचा चेंडू आणखी जोरात टाकतात. आत्ता एक दहा वर्षांची मुलगी समोर आहे. तिसरा चेंडू टाकल्यावर तिनं कोपर चोळलं आणि विचारलं, “किती?”

“पंचावन्न!” मालक ओरडला.

माझ्या काचेत अडतीस आहे.

मित्रांनो, मला पुसून कपाटात मानानं ठेवा असं मी मागत नाही. माझी एवढीच विनवणी आहे, की कधी या बाजूला आलात तर मालकाचं ऐकू नका. मागून फिरून या आणि माझी काच स्वतः वाचा. आणि तुमच्यावर विश्वास टाकून कोणी ‘किती?’ असं विचारलं, तर दिसतं तेवढंच सांगा, त्याला कितीही वाईट वाटलं तरी. आणि जमलं तर जरा लवकर या. तिनं चौथा चेंडू उचलला आहे.