चार खाचांचा छकडा

मित्रांनो, मी एक जुना छकडा आहे. पोती आणि लाकडे वाहणारा नव्हे, पटाचा. भंडारा जिल्ह्यात धान कापून झाले, शेते मोकळी झाली, की गावोगावी शंकरपट भरतो आणि बैलजोड्यांच्या शर्यती लागतात. त्या जोड्यांमागे पळणारा मी. आज मला पाहाल तर म्हणाल, हा कसला पळणार! म्हणा बापडे. आसगावच्या पटात मी दोनदा पहिला आलो आहे, आणि कोणी विचारले नाही तरी मी ते सांगतोच.

माझा जन्म आसगावचा, सन १९७२ मधला. तुलाराम सुतारांनी मला घडवले. कण्यासाठी तिवसाचे लाकूड त्यांनी दोन उन्हाळे वाळू दिले. चाकांना बाभूळ, बैठकीला बांबू. मला करायला सांगणारे श्यामराव घाईचे गृहस्थ. ते दर आठ दिवसांनी अंगणात येऊन उभे राहत. तुलाराम रंधा न थांबवता म्हणत, "होऊन राहिलं." याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

मी पुरा झालो तेव्हा त्यांनी माझ्या कण्यावर चार बारीक खाचा पाडल्या. तशाच चार खाचा जुवावर आणि दोन्ही चाकांच्या मधल्या गाभ्यावर. एका घरची माणसे कुठेही गेली तरी ओळखू यावीत, असे त्यांचे म्हणणे. अंगणातून निघताना त्यांच्या पत्नी गिरजाबाई यांनी चाकांना हळद लावली आणि त्यांवर तांब्याभर पाणी ओतले. आमच्याकडे तशी रीत आहे. एकदा हे पाणी पडले की चाक बदलायचे तर आधी सुताराला सांगायचे. सुतार येतो, नवे चाक कण्यावर फिरवून पाहतो, चाकाभोवतीची लोखंडी धाव आवळून देतो आणि मगच छकडा पटात उतरतो. ही रीत लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरच सारे अडले.

माझा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, धनीराम. तो तलावात मासे धरणाऱ्यांपैकी. अंगाने हलका, काटक. श्यामरावांना लोक हसले, मासे धरणारा बैल काय हाकणार म्हणून. धनीराम म्हणाला, "डोंग्यात उभं राहता आलं का छकड्यावर बी राहता येते." आणि खरेच, मी उसळलो तरी त्याचे पाय माझ्या बांबूवरून हलत नसत. त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर अशी लागोपाठ दोन वर्षे आम्ही पहिले आलो. लोकांनी माझ्यावर इतका गुलाल टाकला की पुढे महिनाभर मी लालच होतो. पटाच्या वाटेबाजूला तुलाराम उभे असत. ते ओरडत नसत. मी परत आलो की चाकांवरून नुसता हात फिरवत. त्या हाताची मला आजही आठवण येते.

पंच्याहत्तरच्या पटाला आठ दिवस राहिले तेव्हा चिखल्याचे भैय्याजी श्यामरावांकडे आले. खाणीच्या वस्तीत माल पोचवण्याचा त्यांचा धंदा होता. त्यांच्याजवळ पातळ आऱ्यांच्या हलक्या चाकांची एक जोडी होती, आणि त्यांना हवी होती ओझे पेलणारी मजबूत चाके. श्यामरावांना वाटले, हलकी चाके म्हणजे जास्त वेग. दोघांनी चाकांची अदलाबदल केली. निघताना भैय्याजींनी बजावले, की धाव सैल वाटते आहे, सुताराकडून आवळून घ्या. श्यामराव हो म्हणाले. पण सुताराकडे जायचे म्हणजे तुलारामांना सांगायचे, की तुमची जिंकलेली चाके मी देऊन टाकली. त्यांची जीभ उचलली नाही. पट झाल्यावर सांगू, असे त्यांनी ठरवले. नवी चाके रीतीप्रमाणे तुलारामांनीच बसवून दिली असतील, असे धनीराम धरून चालला.

पटाच्या दिवशी अर्ध्या वाटेवर माझे डावे चाक फुटले. आरे उडाले, मी आडवा झालो आणि धनीरामचा पाय माझ्याखाली आला. गुडघ्यात मोडलेला तो पाय पुढे कधी सरळ झाला नाही.

त्या गोंधळात कोणीतरी म्हणाले, तुलारामचे चाक फुटले. दुसऱ्याने तेच पुढे सांगितले. तुलाराम गर्दीतून माझ्यापर्यंत पोचायच्या आत श्यामरावांनी मला दुसऱ्या गाडीवर चढवून आपल्या बहिणीच्या, ताराबाईंच्या गावी पाठवून दिले. फुटलेल्या चाकाचे तुकडे कोणाच्या चुलीत गेले, देव जाणे.

मित्रांनो, तुलारामांनी भांडण केले असते तर बरे झाले असते. पण आपलाच हात चुकला, असे त्यांनी मानून घेतले. त्यानंतर त्यांनी चाक म्हणून केले नाही. दारे केली, खाटा केल्या, नांगर केले. जेवता जेवता ते थांबत आणि गिरजाबाईंना विचारत, "कुठं चुकलं असंल माह्यं?" धनीरामच्या घरावरून जायचे त्यांनी सोडले. एक्याऐंशी साली ते गेले, आणि तो प्रश्न गिरजाबाईंपाशी राहिला. हे सारे मला पुढे त्यांच्या मुलीच्या, जिजाच्या, तोंडून कळले.

मी मात्र इकडे ताराबाईंच्या गोठ्याआड पडून होतो. एक चाक अंगाला, दुसरी बाजू दगडावर. त्यांनी माझ्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रचली. कोंबड्यांनी माझ्या बैठकीत अंडी घातली. पटाचा छकडा म्हणून मला ते लागायला हवे होते, पण खरे सांगतो, कोंबड्यांची मला सोबतच झाली. पुढे शेजारच्या घनश्यामने मला मागून नेले. तो जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला होता. आपल्या क्वार्टरपुढे त्याने मला टेकवले आणि माझ्यावर वालाचा वेल चढवला. पटाच्या छकड्याला शेंगा लागल्या! हसा, मीही हसलो. त्याच्या बायकोने त्या वेलाला रोज पाणी घातले, ते माझ्याही लाकडाला मिळाले आणि मी तडकलो नाही. तिचे आभार मी कसे मानू?

शहाऐंशी साली समोरच्या क्वार्टरमध्ये एक कुटुंब राहायला आले. त्या घरातली बाई एक दिवस शेंगा मागायला आली. वेल बाजूला सारताना तिचे बोट माझ्या कण्यावर अडले. ती खाली बसली. पदराने तिने माती पुसली आणि मोजले, चार. ती जिजा होती. मग तिने माझ्या उरलेल्या एका चाकाचा गाभा पुसला. तिथे एकही खाच नव्हती. शेंगा न्यायचे तिच्या लक्षातच राहिले नाही.

दुसऱ्या दिवसापासून जिजाने माझा माग काढायला घेतला. हा छकडा कोणाचा, कोणाकडून आला, कोणत्या पटात पळाला? घनश्यामने ताराबाईंचे नाव सांगितले. ताराबाई म्हणाल्या, दादाने पाठवला, पटाच्याच दिवशी. चाकांचे विचारल्यावर त्या थोड्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, "चिखल्याच्या भैय्याजीचे होते ते. दादा म्हणे, कोनाले सांगू नोको. कायले ते मी विचारलं नाई, बाई."

जिजा बसने चिखल्याला गेली. भैय्याजी आता म्हातारे झाले होते. त्यांना चाक फुटल्याचे ठाऊक होते, पण त्याचा बोल कोणावर आला ते त्यांच्या कानी कधी गेलेच नव्हते. जिजाने सांगितले तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. मग उठले आणि तिला खाणीच्या वस्तीत घेऊन गेले. तिथे पाण्याच्या टाकीपाशी एक बैलगाडी उभी होती, तिच्यावर भरलेले पिंप.

"तुह्या बापाचे चाकं," भैय्याजी म्हणाले. "अकरा-बारा वर्सं झाले, पानी वाहून राहिले. एक आरा नाई हालला."

जिजाने गाभ्यावर हात ठेवला. दोन्ही चाकांवर चार चार खाचा होत्या.

सत्त्याऐंशीचा आसगावचा पट. श्यामराव आता पटाचे प्रमुख होते आणि मांडवात बसले होते. भैय्याजींनी आपल्या ट्रकमधून चाके आणली, आणि वाटेत जवाहरनगरहून मला घेतले. जिजा कोणाशी भांडली नाही. तिने मला मांडवापुढे उतरवले, शेजारी चाके ठेवली आणि गिरजाबाईंना हाताला धरून आणले. त्यांना आता फारसे दिसत नव्हते. जिजाने त्यांचे बोट आधी कण्यावर ठेवले, मग चाकांवर. शेवटी त्या जुन्या, बिनखाचेच्या चाकावर.

"हे त्यायचं नोहे," गिरजाबाई म्हणाल्या.

"नाई, माय. याच्याच जोडीचं फुटलं होतं."

श्यामराव मान खाली घालून बसले होते. मला वाटले, आता ते उठून जातील. ते उठले खरे, पण जोड्यांची नावे पुकारायच्या माइकपाशी गेले.

"बारा वर्साआधी फुटलं ते चाक तुलारामचं नोहतं," ते म्हणाले. "मीच बदललं. त्याले विचारलं नाई, अन् मंग सांगाले मले लाज वाटली. धनीरामचा पाय माह्यामुळं गेला. तुलारामचा हात चुकला नोहता."

मग ते खाली आले आणि गिरजाबाईंच्या पायांशी वाकले. गिरजाबाईंनी तांब्याभर पाणी मागितले. श्यामरावांनी स्वतः आणून दिले. गिरजाबाईंनी ते माझ्या चाकांवर ओतले, अगदी पहिल्या दिवशी ओतले होते तसे.

माझी चाके माझ्या कण्यावर चढली. बारा वर्षांनी भेटूनही ती अशी बसली, जणू काल संध्याकाळी काढून ठेवली होती. कोणीतरी आपली बैलजोडी मला जुंपली. धनीराम काठी टेकत आला. आता त्याला उभे राहता येत नव्हते. तो माझ्यावर बसला आणि माझ्या बांबूवर थाप मारून म्हणाला, "चाल, गड्या." पटाच्या साऱ्या वाटेवरून आम्ही चालतच गेलो. मागे कोणी नव्हते, पुढे कोणी नव्हते, झेंडी पडली नाही. तरीही लोकांनी आमच्यावर गुलाल टाकला. मी जिंकलो त्या दोन्ही वर्षांपेक्षा तो जास्त होता.

आता मी गिरजाबाईंच्या अंगणात असतो. पळणे संपले. जिजा सुट्टीत येते आणि मला तेल लावते. धनीराम अधूनमधून मासे घेऊन येतो आणि माझ्या बैठकीवर बसून गप्पा मारतो. श्यामरावांवरही माझा राग नाही. चूक लपवणारे मी पुष्कळ पाहिले, पण भरल्या पटात माइकवरून सांगणारे ते एकटेच. कोंबड्यांपासून वालाच्या वेलापर्यंत ज्यांनी ज्यांनी मला सांभाळले, त्या साऱ्यांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने सामान पडून असेल. ते टाकण्याआधी एकदा पुसून पाहा. त्यावर कोणाच्या तरी हाताची खूण असेल. आणि एखादी वस्तू मोडली तर करणाऱ्याला बोल लावण्याआधी ती खूण जरूर शोधा. तुलारामांच्या हयातीत कोणी माझ्या चाकावरची माती पुसली असती तर किती बरे झाले असते, हे एकच मला राहून राहून वाटते.

रोज सकाळी गिरजाबाई माझ्यापाशी येतात. चाकावर हात ठेवतात आणि हळूहळू मोजतात, एक, दोन, तीन, चार. मग घरात भिंतीवर टांगलेल्या रंध्याकडे तोंड करून म्हणतात, "कुठंच नाई चुकलं जी तुमचं." आणि चुलीकडे वळतात.