एका शिंगाचा हुरमुंज

करडईच्या तेलात कालवलेल्या हुरमुंजाला, शिंगांना फासायच्या त्या लाल रंगाला, एक जड, किंचित कडवट दर्प असतो. आषाढातल्या ढगाळ, ओलसर उजेडात तो लवकर विरत नाही. गोठ्याच्या कुडाला, दाव्याला, माणसाच्या नखांना धरून राहतो. मावशी मला आधी त्या वासातून आठवते, चेहरा मागाहून येतो. बैलांच्या सणाला, बेंदराच्या सकाळी हरण्याची शिंगं रंगवताना तिचा लाल तळहात बुडापासून टोकापर्यंत एकाच संथ ओढीने फिरे, आणि ज्याच्या नुसत्या फुरफुरण्याने गल्ली मोकळी होई तो आडदांड खिलार वळू समईच्या ज्योतीसारखा निश्चल उभा राही.

आई गेल्यावर मला मावशीनेच वाढवलं. तिचे यजमान पलटणीत गेले ते परतले नाहीत. मागे राहिलं पलूसजवळचं थोडं उसाचं रान आणि शेवटच्या सुट्टीत त्यांनी आणलेलं पांढरंशुभ्र खोंड. तेच पुढे गावचा वळू झालं. गावाच्या गाई तिच्या दारी येत. ती पैसा घेत नसे. गाईच्या कपाळाला हळद लावायची, धन्याने आणलेली मूठभर सरकी हरण्यापुढे ठेवायची, बस. मात्र गाय व्याली की पहिला चीक तिच्या घरी पोचवायचा, हा गावाचा रिवाज होता. जिची कूस कधी उजवली नाही त्या बाईच्या उंबऱ्यावर गावातल्या प्रत्येक वासराची वर्दी अशी पितळी तांब्यातून येई. तांब्या घेताना पदर सावरण्याची तिची एक लकब होती. जणू कुणी तिच्या ओटीत काही घालत होतं.

मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया उकळायच्या. सत्तरच्या दशकातली ती वर्षं संकरित गाईंची, दुधाच्या नव्या स्वप्नांची होती. डॉक्टरांनी एकदा समोर बसवून सांगितलं की पुढच्या शिक्षणाच्या दोन वाटा आहेत: एक शस्त्रक्रियेच्या मदतनिसाची, दुसरी कृत्रिम रेतनाची, बेंदराच्या आत नाव कळव. माझा हात जखमांत बसलेला होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. पण बढती दुसऱ्या वाटेवर होती, आणि आपल्याच भागातली नेमणूकही. त्या वाटेला एक अट चिकटलेली होती. गावात रेतनाचं केंद्र उघडायचं तर गावचा वळू आधी खच्ची करायचा.

गावाला वास लागायला वेळ लागला नाही. पारावरून हाक येई, "सदाशिवराव, हरण्याला पेन्शनीत काढनार म्हना की. काम त्याचं आन् पगार तुमाला." मी हसत असे. घरी मात्र आम्ही दोघं त्या गोष्टीच्या कडेकडेने वावरत होतो, अंधारात विहिरीच्या कडेने चालावं तसे. भाकरी थापताना मावशीच्या बांगड्यांची लय मध्येच तुटे, आणि मला वाटे, आता विचारणार. ती विचारत नसे.

अखेर बेंदराच्या सकाळीच, शिंग धरायला तिने मला बोलावलं तेव्हा, मी नाव दिल्याचं सांगितलं.

तळहात शिंगाच्या मध्यावर थांबला. "जखमांचं?"

"न्हाई. रेतनाचं."

"जखमांत तुजा हात हलका हाय म्हनत्यात समदी."

"त्यात पुढं जागा न्हाई, मावशे."

 मग थांबलेला हात टोकापर्यंत गेला.

"मग एक कर. त्याला हात लावायचा तो तूच लाव. परका हात त्यो सोसायचा न्हाई. मी येसन धरते."

मी "व्हय" म्हणालो.

साताऱ्यात शिकलो, मेढ्याच्या उतारांवरच्या गोठ्यांतून हात घटवला. नाजूक नळीची विद्या शिकलो, तशीच खच्ची करायच्या त्या जाड लोखंडी चिमट्याचीही, ज्याचा जबडा मिटताना एक बसका, कोरडा आवाज होतो. तो आवाज मी झोपेतही ऐकू लागलो. माघात आमच्या गावाचा दिवस ठरला. त्या सकाळी मी ताप आल्याचा निरोप धाडला आणि माधवनगरला मित्राच्या खोलीत जाऊन बसलो. ताप नव्हता. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, माणसांचे लोंढे उन्हातून वाहत गेले, आणि मी भिंतीला पाठ लावून बसून राहिलो.

पुढचं दवाखान्याच्या शिपायाकडून कळलं. हरण्याला धुऊन, येसण धरून मावशी दारातच उभी होती. "माजा सदा येतोय, वाईच थांबा," असं रस्त्याकडे बघत सांगत राहिली. ऊन डोक्यावर येईतो दवाखान्याची माणसं थांबली. मग दोर टाकून त्यांनी त्याला पाडलं. तो उधळला, डोकं पाण्याच्या दगडी डोणीवर आदळलं, आणि डावं शिंग बुडातून निखळलं. येसण तिने तेव्हाही सोडली नव्हती.

चार दिवसांनी मी गेलो. ती त्या रक्ताळलेल्या बुडख्यावर हळद दाबत बसली होती. माझी चाहूल लागताच सरकली आणि मला जागा करून दिली.

"बांद," म्हणाली. "ह्यात तुजा हात हलका हाय."

मी पट्टी बांधली. माझ्या हातून इतकी चांगली पट्टी त्याआधी बांधली गेली नव्हती, नंतरही नाही.

केंद्र भरभराटलं. काळी-पांढरी वासरं गावभर हुंदडू लागली. मला बढती मिळाली, मान मिळाला. तिच्या दारी चिकाचा पितळी तांब्या मात्र पुन्हा आला नाही. तिने मला कधी बोल लावला नाही, आणि मी माधवनगरची ती दुपार कधी उच्चारली नाही. पण दर बेंदराला ती हुरमुंज कालवी. उजवं शिंग रंगवून झालं की तिचा लाल तळहात डाव्या बाजूला जाई आणि बुडख्यापासून वर, मोकळ्या हवेत, नसलेल्या टोकापर्यंत त्याच संथ ओढीने फिरे. हरण्या तेवढाच निश्चल उभा राही.

आता हरण्या नाही, मावशीही नाही. गोठ्याच्या जागी तिच्या यजमानांच्या भाच्यांनी मोटारीसाठी पत्र्याची शेड केली आहे. आषाढात केव्हातरी तो कडवट दर्प येतो आणि मी नकळत हात उचलतो. गेलेल्याची आठवण बहुधा एवढीच असावी: जिथे काही उरलेलं नाही तिथून तळहात बुडापासून टोकापर्यंत न्यायचा, आणि तरी हाताला रंग लागत राहायचा.