डॉक्टर पातकरांचा शिक्का

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे एका ट्रस्टचा दवाखाना होता, आणि त्या दवाखान्यात डॉक्टर पातकरांचा एक शिक्का होता. शहापूरच्या बाजारात करून घेतलेला, लाकडी मुठीचा. त्यावर इंग्रजीत एवढंच कोरलेलं: हार्ट फेल्युअर. ज्याचे पाय सुजले, ज्याला धाप लागली, ज्याला आडवं पडवेना, त्याच्या केसपेपरवर तो ठप्पकन बसायचा. पुढे काही लिहायची तसदी डॉक्टर घेत नसत.

लोकांची काही तक्रार नव्हती. उलट शिक्का त्यांना भारी आवडायचा. नुसत्या लिहिलेल्या कागदाला तालुक्यात कोण विचारतं? रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत शिक्का असेल तरच कागद खरा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. धसईचे एक गृहस्थ पोटात गॅस धरला म्हणून आले होते, तेही हट्टानं शिक्का मारून घेऊन गेले आणि पुढे महिनाभर गावात भाव खाल्ला.

दोन हजार तीन साली पौर्णिमा तिथं रेकॉर्ड क्लार्क म्हणून लागली. शहापूरहून रोज एसटीनं यायची. ठाण्याला तिचं प्रशिक्षण झालं होतं. प्रत्येक आजाराला एक कोड असतो, डॉक्टरनं नीट लिहिलं तरच तो लागतो, शंका आली तर डॉक्टरलाच विचारायचं, पण उत्तर सुचवायचं नाही, आपले शब्द त्याच्या तोंडात घालायचे नाहीत, असं तिथल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं. त्या बाईंना पातकर भेटले नव्हते.

मग जिवलीचा कागद परत आला. जिवली वैशाखरे गावची, पौर्णिमेहून वयानं लहान, पदरात एक मुलगी. सरकारी योजनेतून मुंबईला तिच्या हृदयाचं ऑपरेशन फुकट होणार होतं. पण योजनेच्या ऑफिसनं तिचा कागद दुसऱ्यांदा माघारी धाडला होता. हृदय निकामी होतंय ते कशानं, कुठल्या बाजूचं, कधीपासून, हे स्पष्ट लिहा, नाहीतर नाव रांगेतून काढू. जिवली बाहेर भिंतीला टेकून बसली होती. स्वतःच्या लेकीला उचलून घेण्याइतकाही दम तिच्या छातीत उरला नव्हता.

पौर्णिमेनं रीतसर चिठ्ठी लिहिली आणि केसपेपरला टाचून आत पाठवली: कृपया कारण स्पष्ट करावे. चिठ्ठी परत आली तेव्हा तिच्यावरही शिक्का होता. मग ती स्वतः गेली, तर पातकरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, की मॅडम कधीपासून डॉक्टर झाल्या.

कंपाउंडर महेंद्रला यात काही अडचणच दिसेना. त्याचं म्हणणं असं, की मनाला येईल ते लिहायचं, कागद गठ्ठ्यात मधोमध सरकवायचा आणि गठ्ठा सहीला ठेवायचा. डॉक्टर डोळे मिटून सही करतात. त्यानं स्वतःच्या रजेचे अर्ज असेच खपवले होते, आणि एकदा मेहुण्याच्या मंडपाचं बिलसुद्धा. पौर्णिमेला मोह झाला, नाही असं नाही. पण लिहायचं काय? आणि उद्या त्याच कागदावर भरवसा ठेवून कुणीतरी जिवलीच्या छातीला सुरी लावणार. तिला डॉक्टरांचा असा राग आला की डबा तसाच राहिला.

गुरुवारी जिवलीची सासू धोंडूबाई सोबत आली. धोंडूबाईचा एक नेम होता. काय झालंय ते दर खेपेला पहिल्यापासून ऐकायचं, कारण घरी गेलं की सगळी आळी तिला विचारायची, आणि सांगताना अडखळणं तिला कमीपणाचं वाटायचं. गंमत म्हणजे कागदावर चार अक्षरं काढणं ज्यांच्या जिवावर यायचं, ते पातकर धोंडूबाईपुढं बसले की सैल सुटायचे. पौर्णिमा दाराशी उभी राहून ऐकत राहिली.

"लहानपणी हिला सांधे सुजून ताप आला होता ना? त्या तापानं डावीकडची झडप जाड झाली. हृदयाचा पंप चांगला आहे, धोंडूबाई, दार आखडलंय. पावसात गोठ्याचं दार फुगलं की अर्धंच उघडतं, ढोरं अलीकडंच दाटतात, तसं हिचं रक्त मागं फुफ्फुसात तुंबतं. म्हणून धाप. तो दाब पुढं उजव्या बाजूवर आला, म्हणून पाय सुजले. बाळंतपणापासून हे सगळं वाढलं. कल्याणच्या तपासणीतही हेच निघालं."

ऑफिसनं विचारलेलं सगळं त्यात होतं. पौर्णिमा आत गेली आणि कोरा कागद पुढं ठेवत म्हणाली, "सर, आत्ता यांना सांगितलंत तेवढंच लिहा."

पातकरांचा हात सवयीनं शिक्क्याकडे गेला. शिक्का तिनं आधीच उचलून मुठीत धरला होता.

ते चिडले, आणि मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "लिहून काय होतं? धाऊ गोजर म्हणून एक पेशंट होता, त्याचं लिहिलं होतं मी. पानाच्या दोन्ही बाजूंनी, नीट अक्षरात. मुंबईला कुणी उलटूनसुद्धा बघितलं नाही. बाकावर बसल्या बसल्या गेला तो. घरी येऊन मी हा शिक्का करायला टाकला."

पौर्णिमेला त्या माणसाची दया आली, आणि राग काही पुरता गेला नाही.

"मी वाचीन, सर," ती म्हणाली. "नाही कळलं तर परत येऊन विचारीन. दार दाखवलंत तरी विचारीन."

"लिवा ना, डागदर," धोंडूबाई पिशवी सावरत म्हणाली. "आमची यष्टी जाईल."

पातकरांनी लिहिलं. कुरकुरत, मान खाली घालून, पान भरेपर्यंत. पौर्णिमेनं तिथंच उभ्यानं वाचलं, दोन शब्द विचारून घेतले आणि संध्याकाळच्या टपालानं कागद रवाना केला. या वेळी तो माघारी आला नाही.

दिवाळीनंतर जिवली दवाखान्याच्या पायऱ्या चढून आली, लेकीला कडेवर घेऊन. पातकरांनी कानाला नळी लावून तिची छाती बराच वेळ ऐकली. इतका वेळ, की धोंडूबाई घाबरली. मग त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. धोंडूबाईनं तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. तिचा चेहरा पडला.

"शिक्का नाय मारला?"

"नाही," पातकर म्हणाले. "आता वाचणारी बाई आहे."

बाहेर टेबलाशी पौर्णिमेनं तो कागद उजेडात धरला. तिचे डोळे भरून आले होते, तरी पहिली ओळ लागली. दुसरी काही केल्या लागेना, तेव्हा ती उठली आणि विचारायला पुन्हा आत गेली.