सतरा नंबरचा बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. पितळेचा, गोल, तळहातात मावेल एवढा. वर दोरीसाठी एक भोक आणि मधोमध ठोकलेला आकडा, सतरा. आम्हा बिल्ल्यांचं काम गप्प लटकून राहण्याचं, त्यामुळे मला बोलायची सवय नाही. पण एका बाईवर भलताच आळ आलाय. तिने तो स्वतःच्या तोंडाने कबूलही केलाय. खरं काय घडलं ते पाहणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता, म्हणून आज तोंड उघडतोय.

माझा जन्म एका पावाच्या कारखान्यात झाला, दुरुस्तीखात्याच्या टेबलावर. पत्रा कापला, कानशीने कडा घासल्या आणि हातोड्याने आकडा ठोकला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण कुठलं, नुसता नंबर आला.

त्या कारखान्यात पीठ मळायचं एक यंत्र होतं. खोलीएवढं पातेलं आणि त्यात फिरणारे दोन लोखंडी हात. यंत्र बिघडलं किंवा धुवायचं झालं की माणसाला पातेल्याच्या आत उतरावं लागे. आतला माणूस बाहेरून दिसत नसे. म्हणून दाराशी एक फळी होती, तिच्यावर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेकाचा बिल्ला. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा, बाहेर आला की परत अडकवायचा. बटणाशी उभा असलेला माणूस आधी फळीकडे बघे. एक जरी खुंटी रिकामी दिसली तरी बटणाला हात लावत नसे.

रिकाम्या खुंटीची भीती सगळ्यांनाच वाटते. मला मात्र पहिल्या दिवसापासून भरलेल्या खुंटीची भीती वाटत आली आहे. भरलेल्या खुंटीकडे कुणी दुसऱ्यांदा बघतच नाही.

मी ज्या बाईच्या गळ्यात गेलो ती फिटर होती. अंगाने काटकुळी, पण पाना हातात घेतला की गंजलेला बोल्टसुद्धा मुकाट्याने सुटायचा. माझ्यामुळे सगळे तिला सतराताई म्हणत. यंत्रात उतरताना ती मला मुठीत धरून म्हणायची, "चल रे बाबा, सांभाळ." आणि बाहेर आली की मला खुंटीवर अडकवून, माझ्यावर टिचकी मारून मगच हात धुवायला जायची. मला ती टिचकी फार आवडायची. सांगायला लाज कसली!

ती निवृत्त झाली तेव्हा तिने साहेबांकडून मला मागून घेतलं. घरी आल्यावर मात्र माझी रवानगी खणात झाली. तिथे जुनी बटणं, संपलेले सेल आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या किल्ल्या होत्या. गरज सरो आणि वैद्य मरो, असं म्हणत मी काळा पडत गेलो.

खणातूनही घरातलं ऐकू यायचं. आधी गंमत वाटायची. चष्मा कपाळावर आणि बाई पलंगाखाली वाकून शोधतेय. किल्ल्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी. बाहेर पडताना दार लावलं की नाही हे आठवेना, म्हणून कुलूप लावताना ती मोठ्याने म्हणायला लागली, "लावलं गं बाई, लावलं." जिन्यातली माणसं हसायची. ती म्हणायची, "हसा. कानाने ऐकलेलं डोकं विसरत नाही." एकटी राहत होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे स्वतःशी बोलायला तिला कुणाची आडकाठी नव्हती.

मग एके दिवशी गॅसवर पातेलं राहिलं आणि ती बाजारात गेली. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला वास आला म्हणून निभावलं. पातेलं कोळशासारखं काळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा आला. तो दातांचा डॉक्टर. माणूस वाईट नाही, पण एका कानाला सतत फोन.

"आई, आता पुरे," तो म्हणाला. "माझ्याकडे चल. हे घर भाड्याने देऊ."

"एक पातेलं जळलं म्हणून घर सोडू?"

"आज पातेलं जळलं. उद्या तू जळशील."

"अरे, विसरतं माणूस. तू नाही विसरत? गेल्या वर्षी माझा वाढदिवस कोण विसरलं होतं?"

"त्याने आग लागत नाही, आई."

खरं होतं ते. शेवटी त्याने एक संधी दिली. पुन्हा एकदा जरी असं झालं तर वाद नाही, रडारड नाही, सामान बांधायचं. तिनेही मान डोलावली.

तो गेल्यावर तिने खण उघडला. मला पदराने खसखसून पुसलं, नवी दोरी ओवली आणि गॅसच्या शेगडीशेजारी, दाराला लागून असलेल्या भिंतीत एक खुंटी ठोकली. शेगडी पेटवायच्या आधी बिल्ला गळ्यात. शेगडी विझली की बिल्ला खुंटीवर. घराबाहेर पडताना आधी खुंटीकडे बघायचं. "आता डोक्यावर भरवसा नाही ठेवायचा," ती मला म्हणाली. "तुझ्यावर ठेवायचा. चल रे बाबा, सांभाळ."

किती आनंद झाला म्हणून सांगू! पण त्या आनंदात कुठेतरी पाल चुकचुकली. कारखान्यात आणखी एक नियम होता. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. सख्ख्या भावाचा असला तरी नाही. तिथे तो कुणी कुणाला शिकवत नसे, श्वास घ्यायला कुठे शिकवतात? सतराताईने मुलाला खुंटीची पद्धत समजावून सांगितली. हा दुसरा नियम मात्र सांगितला नाही. तो सांगावा लागतो हेच तिच्या ध्यानात आलं नाही.

पद्धत मात्र चालली. तिच्यामुळे बाईला धीर आला, आणि त्या धीरावर तिने एक अचाट गोष्ट केली. शाळेत नाव घातलं! लहानपणी अर्धवट सुटलेल्या शाळेची परीक्षा मोठेपणी देणाऱ्यांचा संध्याकाळचा वर्ग होता, घरापासून चालत जाण्याजोगा. मुलाचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे गेली असती तर वर्गाला मुकली असती. म्हणजे आता माझ्या दोरीला नुसती शेगडी बांधलेली नव्हती. तिचं घर, तिची शाळा, तिचं एकटीने जगणं, सगळं त्या एका दोरीला लटकलेलं होतं.

बीजगणिताने तिला वेड लावलं. शेगडीवर भाजी शिजत असायची, मी गळ्यात, आणि ती ओट्याशी उभी राहून गणितं सोडवायची. "आयुष्यभर पिठाला पाणी किती ते काढत आले," ती एकदा शिकवणाऱ्या बाईंना म्हणाली, "त्याला क्ष म्हणतात हे कुणी सांगितलं नाही हो!" बाई तिच्या मुलाहून लहान. एकदा सूत्र विसरली म्हणून सतराताईच्या डोळ्यांत पाणी आलं, तर बाई म्हणाल्या, "ताई, मीसुद्धा विसरते. विसरलं की पुन्हा मांडून काढायचं. सूत्र कुठे पळून जातंय?" घरी येऊन तिने ते वाक्य मला तीनतीनदा ऐकवलं.

मुलगाही हळूहळू निवळला. येता-जाता खुंटीकडे बघायचा. बिल्ला जागेवर दिसला की म्हणायचा, "शाबास, फिटरबाई." आईचं त्याला कौतुक वाटायला लागलं होतं. आणि मला जास्त धास्ती तेव्हाच वाटायला लागली. आजवर तो मला हात लावत नव्हता. कौतुक वाटायला लागल्यावर येता-जाता टिचक्या मारू लागला.

गणिताच्या पेपरचा दिवस उजाडला. परतल्यावर दमलेली असेन म्हणून तिने सकाळीच बटाटे उकडायला ठेवले, मागच्या शेगडीवर, मंद आचेवर. मी अर्थातच गळ्यात. तेवढ्यात मुलगा गाडी घेऊन आला, ठरल्यापेक्षा लवकर. पहिल्यांदाच आईला परीक्षेला सोडायला निघाला होता बिचारा.

"आई, चल, रस्त्यात गर्दी आहे."

"कपडे बदलते, थांब."

कपडे बदलायला तिने मला गळ्यातून काढलं. आणि आता नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. तिने मला कुठेही टाकलं नाही. टेबलावर परीक्षेचं प्रवेशपत्र होतं, त्यावर ठेवलं, अगदी मधोमध. प्रवेशपत्राशिवाय ती घरातून निघणार नव्हती, आणि मला उचलल्याशिवाय ते हाती येणार नव्हतं. याला विसरभोळेपणा म्हणायचं असेल तर शहाणपण कशाला म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.

ती आतल्या खोलीत गेली. मुलाचा फोन वाजला. कुणाची तरी दाढ दुखत होती. बोलता बोलता त्याने आईची पिशवी भरायला घेतली. पेन टाकलं, पाण्याची बाटली टाकली, प्रवेशपत्र उचललं. मी त्याच्या हातात आलो. "कोमट पाण्याने चूळ भरा," तो फोनवर सांगत होता, आणि सांगता सांगता स्वयंपाकघराच्या दारातून आत वाकला आणि मला खुंटीवर अडकवून मोकळा झाला. शेगडीकडे त्याची पाठ होती. झाकणाखाली पाणी खदखदत होतं, पण त्याच्या कानात दाढेचं रडगाणं चाललेलं.

मी ओरडलो हो. पितळेला जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडलो. भिंतीवर एकदा टण् करून वाजलो, बस.

ती बाहेर आली. दारात थबकली. तिच्या कपाळावर आठी पडली. "मी काहीतरी ठेवलं होतं रे..." ती म्हणाली.

"घेतलं सगळं पिशवीत."

"ते नाही. गॅस..."

मुलगा हसला. फोनवर हात ठेवून, अगदी प्रेमाने म्हणाला, "आई, बिल्ला खुंटीवर आहे ना? मग झालं तर! तुझाच नियम."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत केवढा भरवसा होता! आठी गेली, चेहरा मोकळा झाला. "खरंच की," ती म्हणाली. "डोक्याचं नाही ऐकायचं." बाहेरून कुलूप फिरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा, "लावलं गं बाई, लावलं."

पुढचं लांबवत नाही. पाणी आटलं. बटाटे करपले. पातेल्याची कड तापून शेजारचा फडका पेटला, फडक्यावरून पडद्याने पेट घेतला. शिंप्याने आरडाओरडा केला, दार फोडावं लागलं. जीव कुणाचा गेला नाही. स्वयंपाकघर गेलं आणि बाहेरच्या खोलीचं छत काळं झालं. मी खुंटीवरच होतो, काजळीने माखलेला, जागच्या जागी. विझवणाऱ्यांनी पाहिलं असेल तर त्यांना वाटलं असेल, इथलं सगळं ठीकठाक होतं.

त्या संध्याकाळी ती जळक्या ओट्यासमोर उभी राहिली. पेपर उत्तम गेला होता, ते सांगायचंही राहून गेलं. "बिल्ला मी अडकवला होता का रे?" तिने मुलाला विचारलं.

"तूच अडकवला असणार ना, आई. आणखी कोण अडकवणार?"

तो खोटं बोलत नव्हता. हेच तर भयंकर आहे. त्याला खरंच आठवत नाही. फोन आठवतो, दाढ आठवते, गर्दी आठवते. मी त्याच्या हातात होतो ते आठवत नाही. आणि आपलीही आठवण चुकू शकते ही शंका त्याला शिवतसुद्धा नाही, कारण विसरणारं माणूस कोण हे त्या घरात केव्हाच ठरलेलं होतं.

"असेल," ती म्हणाली. "गॅस चालू ठेवून अडकवला. गेलं बाबा माझं डोकं."

ठरल्याप्रमाणे तिने वाद घातला नाही. सामान बांधलं.

आता आम्ही मुलाच्या घरी असतो. खोली छान आहे, खिडकीत ऊन येतं. सून चांगली आहे, वेळेवर जेवायला वाढते आणि शेगडीपाशी फिरकू देत नाही. मी उशीपाशी असतो. बाकीचे पेपर तिने दिलेच नाहीत. परवा शिकवणाऱ्या बाई भेटायला आल्या होत्या, म्हणाल्या, "ताई, गणितात वर्गात पहिल्या आलात. राहिलेले विषय पुढच्या वेळी देता येतील. नाव घालू ना?" ती ओशाळून हसली. "नको हो. माझ्याकडून आता काही व्हायचं नाही. विचारा याला." मुलाने मान डोलावली, डोळे पुसले आणि बाईंना दारापर्यंत सोडायला गेला.

पूर्वी ती विसरायची आणि त्यावर उपाय शोधायची. आता उपायच शोधत नाही. गोळी घेतली का, सुनेला विचारते. जेवण झालं का, सुनेला विचारते. काल आंघोळ करून आली आणि ओल्या केसांनी विचारलं, "माझी आंघोळ झाली का गं?"

म्हणून हे बोलणं, दंतवैद्या, तुझ्यासाठी आहे. तू विसरलास यात गुन्हा नाही, माणूस विसरतं. पण जरा मागे जाऊन बघ. तुझ्या एका हातात फोन होता. दुसऱ्या हातात काय होतं? आठव. आठवलं तर असाच ऊठ, तिच्या खोलीत जा आणि सांग तिला. घाई कर, बाबा. तू तिला जशी समजतोस, तशी ती रोज थोडी थोडी होत चालली आहे.